एकसष्टचं गणित: पाटणच्या मठापासून लीनपर्यंत

मागच्या दिवाळीत करमाडला घरी होतो. सकाळी ओट्यावर चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात मोठे अण्णा आले आणि त्यांनी फोन माझ्या तोंडापुढे धरला. गावाच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड होता. भास्कराचार्यांनी पावणेनऊशे वर्षांपूर्वी सोडवलेलं एक गणित आजच्या कॉम्प्युटरलाही सुटत नाही, प्रत्येक मराठी माणसानं पुढे पाठवावं, असा मजकूर. खाली एक समीकरण आणि दोन लांबलचक आकडे: १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८०.

"तू कॉम्प्युटरचाच ना रे? बघून सांग बरं, खरं हाय का. खरं असलं तर पाठवतो, नसलं तर राहू दे."

अण्णा म्हणजे माझे मोठे काका. पुढे पाठवण्याआधी विचारणारा आमच्या ग्रुपवरचा बहुतेक एकमेव माणूस. त्याला कारण आहे. आमच्या आजोबांच्या नावातलं एक अक्षर जुन्या कुठल्यातरी फेरफारात चुकलं होतं. पुढची प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीवर उभी, त्यामुळे ती चूक सातबाऱ्यावर तशीच उतरत राहिली. ती दुरुस्त करण्यात अण्णांची काही वर्षं गेली. तेव्हापासून 'लिहिलंय म्हणजे खरं असेल' हे वाक्य त्यांच्यापुढे चालत नाही.

मी म्हणालो, "अण्णा, दोन मिनिटं द्या." दोन मिनिटांत आकडे तपासून झाले. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मात्र दोन महिने लागले. हा लेख म्हणजे त्या दोन महिन्यांचा हिशेब.

गणित काय आहे?

प्रश्न दिसायला सोपा आहे. असे दोन पूर्णांक शोधा, की पहिल्याच्या वर्गातून दुसऱ्याच्या वर्गाची ६१ पट वजा केली तर बरोबर १ उरेल. म्हणजे क्ष² − ६१ × य² = १. य शून्य धरला तर क्ष १ येतो, पण ती पळवाट झाली. ती सोडून उत्तर हवं.

६१ ऐवजी ३ घेतलं तर काम चुटकीसरशी होतं: २ आणि १. कारण ४ − ३ = १. पण ६१ घेतलं की सगळ्यांत लहान उत्तरच वरचे दोन आकडे आहेत. एकापासून सुरू करून एकेक आकडा हातानं तपासत गेलात, तर बावीस कोटी साठ लाखांच्या पुढे जावं लागेल.

या प्रकाराला आपल्याकडे 'वर्गप्रकृती' म्हणतात. ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये त्यासाठी 'भावना' नावाची युक्ती दिली. दोन उत्तरं हाती असली तर ती एकमेकांशी गुंफून तिसरं उत्तर मिळवायचं. ३ च्या उदाहरणात (२, १) ही जोडी स्वतःशीच गुंफली तर पहिला आकडा येतो २×२ + ३×१×१ = ७, आणि दुसरा २×१ + १×२ = ४. ताळा करून पाहा: ४९ − ४८ = १. पुन्हा गुंफलं की (२६, १५), मग (९७, ५६), मग (३६२, २०९). एका उत्तरातून उत्तरांची न संपणारी माळ. ही माळ लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

पण पहिलं उत्तर कुठून आणायचं? त्यासाठी 'चक्रवाल' ही पद्धत. ती भास्कराचार्यांच्या आधीची आहे. जयदेव नावाच्या गणितज्ञानं ती दिली होती, हे १०७३ सालच्या एका टीकेमुळे आपल्याला माहीत आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'बीजगणिता'त ती मांडली आणि उदाहरण म्हणून नेमकं ६१ निवडलं.

आपणही करून बघू. ६१ च्या जवळचा वर्ग ६४. म्हणून ८² − ६१ × १² = ३. आपल्याला १ हवा होता, ३ आला. या उरलेल्या आकड्याला 'क्षेप' म्हणतात. आता असा एक आकडा शोधायचा की तो ८ मध्ये मिळवला तर बेरजेला ३ नं भाग जावा, आणि त्याचा वर्ग ६१ च्या आसपास असावा. ७ चालतो. मग नवी जोडी: (८×७ + ६१×१) भागिले ३ म्हणजे ३९, आणि (८+७) भागिले ३ म्हणजे ५. नवा क्षेप (४९ − ६१) भागिले ३, म्हणजे −४. ताळा: ३९² म्हणजे १५२१, ६१ × २५ म्हणजे १५२५, फरक −४. जमलं.

चक्र असंच पुढे फिरवत राहिलं तरी उत्तर येतं. पण क्षेप −४ आला की ब्रह्मगुप्ताची आडवाट मोकळी होते. (३९, ५) ही जोडी स्वतःशी गुंफत, योग्य जागी भाग देत गेलं की (२९७१८, ३८०५) मिळते. तिचा क्षेप −१. ती स्वतःशी एकदा गुंफली की क्षेप होतो +१ आणि जोडी होते १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८०. कागदाचं एक पान पुरतं.

फेर्मानं १६५७ साली युरोपातल्या गणितज्ञांना अशाच समीकरणांचं आव्हान दिलं, तेव्हा त्यातही ६१ होता. ब्रंकर या इंग्रज गणितज्ञानं पद्धत शोधली. पुढे ऑयलरनं चुकून श्रेय जॉन पेलला दिलं आणि जगभर नाव पडलं 'पेलचं समीकरण'. एका नोंदीत चूक झाली आणि पुढच्या सगळ्या नोंदींत उतरत गेली. अण्णांना हा भाग सांगितला तेव्हा ते मोठ्यानं हसले.

यंत्राला मी काय विचारलं

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम करतो, निम्मे दिवस करमाडहून. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमनं गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवणारा एक प्रोग्राम लिहिला होता. सगळ्या टेस्ट हिरव्या. एका रात्री प्रत्यक्ष वापरात शिल्लक मालातून जास्तीचा माल वजा झाला. ज्या खान्यात आकडा ठेवला होता त्याला ऋण संख्या माहीतच नव्हती. त्यामुळे शून्याच्या खाली जाण्याऐवजी तो गरकन फिरून चारशे कोटींच्या वर जाऊन बसला. कोड माझा होता. टेस्टही मीच लिहिल्या होत्या. ज्या शक्यतेचा मी विचार केला नव्हता, तिची टेस्ट कुठून असणार?

त्या रात्रीनंतर मी लीन शिकायला घेतलं. लीन हे 'प्रूफ असिस्टंट' आहे, म्हणजे सिद्धता तपासणारं सॉफ्टवेअर. लिओनार्दो द मौरा यांनी २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये त्याची सुरुवात केली. त्याच्या आधीपासूनची भावंडं आहेत: मिझार, इसाबेल, कॉक, ज्याला आता रॉक म्हणतात. सगळ्यांचे पूर्वज निकोलास द ब्राउन. या डच गणितज्ञानं १९६० च्या दशकाच्या शेवटी 'ऑटोमॅथ' तयार केलं.

कल्पना साधी आहे. तुम्ही विधान लिहायचं, मग त्याची सिद्धता लिहायची. यंत्र एकेक पायरी बघणार. प्रत्येक पायरी आधीच्या पायऱ्यांतून नियमानं निघते का, एवढंच ते विचारतं. तपासणीचं शेवटचं काम 'कर्नल' नावाच्या लहानशा भागाकडे असतं. कर्नल मुद्दाम लहान ठेवतात, म्हणजे माणसांना तो वाचून खात्री करता येते. तुमची पदवी, तुमचं नाव, तुमची घाई यांच्याशी त्याला देणंघेणं नाही. 'हे उघडच आहे' असं लिहून पुढे सरकता येत नाही. अगदीच अडलात तर लीनमध्ये 'सॉरी' असा शब्द टाकता येतो. लीन पुढे जाऊ देतं, पण इथे भोक आहे म्हणून इशारा देत राहतं. माणसांनी लिहिलेल्या किती पुस्तकांत असे न लिहिलेले 'सॉरी' असतील, कोण जाणे!

तर त्या सकाळी ओट्यावर लॅपटॉप उघडला. १७६६३१९०४९ चा वर्ग वजा ६१ गुणिले २२६१५३९८० चा वर्ग बरोबर १. एक ओळ विधान, एका शब्दाची सिद्धता. डोळ्याची पापणी लवायच्या आत लीननं मान्य केलं. म्हणजे 'कॉम्प्युटरला सुटत नाही' हे अर्धं वाक्य तिथेच खोटं ठरलं. उत्तराचा ताळा साध्या कॅल्क्युलेटरच्या आवाक्याबाहेरचा असेल, पण फोनला जड नाही. तीस-चाळीस ओळींचा प्रोग्राम चक्रवालानं उत्तर शोधूनही काढतो.

मग मी मधली पायरी तपासायला घेतली. २९७१८² − ६१ × ३८०५² किती? कागदावर −१ आलं होतं. गडबडीत मी लीनला सांगितलं, की हे नैसर्गिक संख्यांत मोज आणि उत्तर शून्य आहे का बघ. लीन म्हणालं, हो, शून्य.

क्षणभर घाम फुटला. मग आठवलं. नैसर्गिक संख्यांत ऋण संख्या नसतात, त्यामुळे लीनमध्ये तिथली वजाबाकी शून्याच्या खाली जातच नाही. लहानातून मोठं वजा केलं तरी उत्तर शून्य, असा तिथला नियम आहे आणि तो लिहून ठेवलेला आहे. यंत्रानं काहीच चूक केली नव्हती. मी जे विचारलं त्याचं बरोबर उत्तर दिलं होतं. मला जे विचारायचं होतं ते मी विचारलंच नव्हतं. पूर्णांकांत मोज म्हणून सांगितलं, तेव्हा −१ आलं.

गोदामाच्या त्या रात्रीचीच ही चूक होती, फक्त कपडे बदलून आलेली. सिद्धता यंत्र तपासतं. विधान म्हणजे मला म्हणायचं होतं तेच आहे का, हे तपासायला माणूसच लागतो.

एक उत्तर आणि सगळी उत्तरं

अण्णांना तेवढ्यावर सोडता आलं असतं. पण एक प्रश्न डोक्यात राहिला. ६१ ला चक्रवाल चाललं. कुठल्याही आकड्याला चालेल का? आठ पायऱ्यांनी उत्तर येईल की ऐंशी, की कधीच नाही?

एक उत्तर तपासणं आणि 'नेहमीच उत्तर येतं' हे सिद्ध करणं या फार वेगळ्या गोष्टी. जो आकडा पूर्ण वर्ग नाही, त्याच्यासाठी उत्तर असतंच, याची सिद्धता लाग्रांजनं १७६८ च्या सुमारास दिली. खुद्द चक्रवाल नेहमी संपतंच, हे ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९-३० च्या सुमारास दाखवलं. कवी ए. के. रामानुजन यांचे ते वडील. लीनची जी सामाईक गणित-लायब्ररी आहे, मॅथलिब, तिच्यात 'उत्तर असतंच' हे प्रमेय यंत्रानं तपासलेल्या सिद्धतेसह आहे.

आता त्याहून मोठा प्रश्न. वर्गप्रकृतीला चक्रवाल आहे, तशी जगातल्या प्रत्येक पूर्णांक-समीकरणाला लागू पडेल अशी एकच पद्धत असेल का? समीकरण दिलं की तिनं सांगावं, याला उत्तर आहे किंवा नाही. डाव्हिड हिल्बर्टनं १९०० साली पॅरिसच्या परिषदेच्या निमित्तानं नव्या शतकासाठी २३ प्रश्न मांडले. त्यातला दहावा प्रश्न हाच.

याचं उत्तर शोधायला सत्तर वर्षं लागली, आणि ते निघालं गणितातून कमी, तर्कशास्त्रातून जास्त. १९३६ साली ॲलन ट्युरिंगनं दाखवलं होतं की कुठलाही प्रोग्राम दिला असता तो कधीतरी थांबेल की नाही, हे बिनचूक सांगणारा प्रोग्राम असूच शकत नाही. मग मार्टिन डेव्हिस, हिलरी पुटनम आणि ज्युलिया रॉबिन्सन या तीन अमेरिकनांनी असा बेत केला: प्रत्येक प्रोग्रामचं रूपांतर एका समीकरणात करायचं. प्रोग्राम थांबत असेल तरच समीकरणाला उत्तर असेल. हे जमलं, तर समीकरणांची सार्वत्रिक पद्धत म्हणजे ट्युरिंगनं अशक्य ठरवलेला प्रोग्रामच होईल. म्हणजे तशी पद्धत नाही.

१९६१ पर्यंत त्यांनी जवळपास सगळं जमवलं होतं. एकच अडचण उरली. प्रोग्रामचा सगळा इतिहास एका आकड्यात कोंबायला घातांक लागतात, २ चा क्ष वा घात वगैरे. हिल्बर्टच्या समीकरणांत मात्र फक्त बेरीज आणि गुणाकार चालतात. घातांकाच्या वेगानं वाढणारं काहीतरी साध्या समीकरणात सापडायला हवं होतं.

आता ती माळ आठवा. २, ७, २६, ९७, ३६२. प्रत्येक आकडा आधीच्याच्या पावणेचार पटीच्या आसपास. घातांकासारखी वाढ आहे, आणि समीकरण मात्र साधं वर्गाचं! रॉबिन्सन यांनी आपल्या १९५२ च्या निबंधात हेच वर्गप्रकृतीचं समीकरण हाताशी धरलं होतं. माळेतला कितवा मणी हातात आहे, हे फक्त बेरीज-गुणाकारात कसं सांगायचं, तेवढं अडलं होतं. त्या दर वाढदिवसाला मेणबत्त्या विझवताना मनात एकच इच्छा धरत, की या प्रश्नाचं उत्तर कळावं, मग ते कुणी का शोधेना.

जानेवारी १९७० मध्ये लेनिनग्राडच्या युरी मातियासेविच या २२ वर्षांच्या पोरानं तो अडलेला दुवा जोडला. त्यानं फिबोनाची संख्यांची माळ वापरली. पुढे तीच युक्ती वर्गप्रकृतीच्या माळेवर बसवली गेली, आणि आज बहुतेक ठिकाणी सिद्धता त्या रूपात शिकवतात. हिल्बर्टच्या दहाव्या प्रश्नाचं उत्तर ठरलं: नाही, अशी पद्धत नाही. शीतयुद्धाचे दिवस होते. तरी रॉबिन्सन आणि मातियासेविच यांनी पुढे पत्रं लिहून एकत्र काम केलं, आणि १९७५ साली दोघांच्या नावानं निबंधही आला.

मला यात गंमत वाटते ती अशी. एका प्रकारच्या समीकरणांसाठी चक्रवाल ही पक्की पद्धत आहे. आणि सगळ्या समीकरणांसाठी पक्की पद्धत नाही, हे सिद्ध करायला तीच समीकरणं कामी आली.

मग यंत्रानं काय केलं?

तर्कशास्त्रातली मोठी प्रमेयं यंत्राकडून तपासून घेण्याची सुरुवात १९८० च्या दशकातली. आयआयटी मद्रासमधून शिकून टेक्सासला गेलेल्या नटराजन शंकर यांनी १९८६ साली गोडेलचं पहिलं अपूर्णता प्रमेय बॉयर-मूर यांच्या प्रणालीत तपासलं. पुरेशा ताकदीच्या, विसंगती नसलेल्या गणिती व्यवस्थेत खरी असूनही सिद्ध न होणारी विधानं असतात, असं सांगणारं हे प्रमेय. यंत्राच्या मर्यादेबद्दलचं प्रमेय यंत्रानंच तपासलं. गोडेलचं दुसरं प्रमेय लॉरेन्स पॉलसन यांनी २०१३ मध्ये इसाबेलमध्ये पूर्ण केलं.

अशा सिद्धता माणसांना वाचायला जीवघेण्या असतात. कल्पना दोन पानांची, पण प्रोग्रामचं रूपांतर आकड्यांत करण्याची खटपट शंभर पानांची. अशा ठिकाणी माणूस 'बाकीचं वाचकानं करून पाहावं' असं लिहितो, आणि वाचक करत नाही. म्हणून यंत्र हवं.

दहाव्या प्रश्नाकडे गेल्या दहा वर्षांत चार बाजूंनी लोक वळले. मारिओ कार्नेरो यांनी २०१८ मध्ये लीनमध्ये मातियासेविचची मुख्य पायरी तपासली, म्हणजे घातांक साध्या समीकरणांत बसवता येतो ती. डॉमिनिक लार्शे-वेंडलिंग आणि यानिक फोर्स्टर यांनी २०१९ मध्ये कॉकमध्ये दहाव्या प्रश्नाचं उत्तर पुरतं बांधून काढलं. कारोल पोंक यांनी मिझारमध्ये. आणि जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटानं इसाबेलमध्ये. खुद्द मातियासेविच त्यांच्या पाठीशी होते. ती पोरं सुरुवात करताना माझ्याइतकीच नवखी होती, हे वाचून मला फार बरं वाटलं.

कार्नेरो यांची फाइल आता मॅथलिबमध्ये आहे, कुणीही उघडून वाचावी. मी वाचली. सुरुवातीलाच माळेची व्याख्या आहे: पुढचा पहिला आकडा म्हणजे आधीच्या दोन आकड्यांची अशी-अशी बेरीज, पुढचा दुसरा म्हणजे तशी. दोन ओळी. मी त्या दोनदा वाचल्या. मग वहीचं मागचं पान उलटलं, जिथे मी अण्णांसाठी (२, १) ची भावना करून दाखवली होती. तेच होतं. चिन्हं वेगळी, पण ब्रह्मगुप्ताची भावनाच.

आपल्याकडेही हे काम चालू आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले गणितज्ञ सिद्धार्थ गाडगीळ हे माधव आणि सुलोचना गाडगीळ यांचे पुत्र. जाइल्स गार्डम यांनी २०२१ मध्ये कॅप्लान्स्की यांचा एक जुना अंदाज खोटा ठरवला. गाडगीळ यांनी आनंद राव ताडिपत्री या तरुण सहकाऱ्याबरोबर ती सगळी सिद्धता लीनमध्ये उतरवली. त्याआधी २०१७-१८ मध्ये टेरेन्स ताओ यांच्याबरोबर सहा जणांनी मिळून सोडवलेल्या एका प्रश्नात गाडगीळ यांच्या प्रोग्रामनं शोधलेली सिद्धता माणसांनी वाचली, तिच्यातली युक्ती हेरली आणि त्यातून पुढचं उत्तर निघालं. यंत्राची सिद्धता माणसांनी समजून घेतली, हे मला त्यात सगळ्यांत आवडलं.

पाटणचा दगड

जानेवारीत एका रविवारी मित्राच्या गाडीवर पाटणादेवीला गेलो. करमाडहून संभाजीनगर, कन्नड, घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला, गौताळ्याच्या जंगलाच्या कुशीत. चार तास लागले, पाठ दुखली. लहानपणी एकदा नवसाच्या निमित्तानं आलो होतो. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की इथे गणिताचा मठ होता.

इथल्या देवीच्या देवळातला शिलालेख १२०७ सालचा. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. देवगिरी म्हणजे आपला दौलताबादचा किल्ला. त्यानं आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ काढला. लेखाचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे, कारण तिथे हिशेब आहे: मठाला काय काय मिळेल. बाजारात येणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा, घाण्यामागे तेल. राजानं आणि सरदारांनी जमीन दिली असेल, पण दर आठवड्याला या मठाचा दिवा बाजारात येणाऱ्या लोकांच्या पैशावर आणि तेल्याच्या घाण्यावर जळत होता.

त्या मठात काय शिकवत असतील? भास्कराचार्यांनी 'गोलाध्याया'त बजावलंय की उपपत्तीशिवाय गणिती जाणकारांच्या सभेत मान मिळवत नाही आणि स्वतःही निःशंक होत नाही. उपपत्ती म्हणजे 'हे असं का' याचं उत्तर. त्यांनी स्वतःच्या ग्रंथावर स्वतःच भाष्य लिहिलं, आणि त्यात अशा उपपत्ती दिल्या. पुढे १५४५ साली कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली, तीही उपपत्तींसाठीच ओळखली जाते.

उपपत्ती आणि लीनमधली सिद्धता एक नाहीत. उपपत्ती समोरच्या माणसाची शंका फेडते. ती आकृतीतून, उदाहरणातून, बोलण्यातून चालते. लीनला शंका नसतात, नियम असतात. मूळ गृहीतकांपासून सगळं बांधायचं, ही युक्लिडच्या वाटेची शिस्त आहे आणि तिचा आजचा काटेकोरपणा विसाव्या शतकाचा आहे. चक्रवाल नेहमी संपतं, याची सिद्धता भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. हे लिहिल्यानं ते लहान होत नाहीत. पण निःशंक होण्याची जी भूक त्यांनी बोलून दाखवली, ती मला ओळखीची वाटते. गोदामाच्या त्या रात्री मला तीच लागली होती.

आणि एक टोचणीही आहे. मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं. एम-वन ते एम-थ्री पास झालो. किती सूत्रं वापरली आणि एकाचंही 'का' विचारलं नाही. विचारलं असतं तर 'पेपरला येत नाही' हे उत्तर मिळालं असतं, असं म्हणून मी बरीच वर्षं दोष दुसऱ्यांवर ढकलला. खरं तर मी विचारलंच नव्हतं. आता मोबाइलमधला चॅटबॉट सेकंदात सिद्धतेसारखं दिसणारं काहीतरी लिहून देतो. वाचायला गुळगुळीत, मधली एक पायरी पोकळ. ज्यानं कधी 'का' विचारलं नाही, त्याला ती पोकळी दिसणार नाही. फॉरवर्डचंही तेच.

अण्णांना उत्तर

परत आलो तर अण्णा ओट्यावरच होते. मी वही उघडली. ८, १, ३ पासून सुरुवात करून ३९, ५, −४ पर्यंत त्यांच्यासमोर मांडलं. अण्णा जुनी सातवी शिकलेले, पण पाढे अडीचकीपर्यंत पाठ. ३९ चा वर्ग त्यांनी माझ्या आधी केला.

"म्हणजे गणित खरं हाय."

"गणित खरं आहे, अण्णा. भास्कराचार्यांनी सोडवलं हेही खरं. पद्धत त्यांच्याही आधीची आहे. कॉम्प्युटरला सुटत नाही, हे खोटं."

"मग अर्धंच खरं की."

"हो. पण जे खोटं आहे ते काढून टाकलं तर उरलेलं जास्त भारी आहे." मग मी त्यांना माळेची आणि दहाव्या प्रश्नाची गोष्ट सांगितली, जमेल तेवढी. मेणबत्त्या विझवणाऱ्या बाईंची गोष्ट त्यांना आवडली. मठाला घाण्यामागे तेल मिळायचं, ती त्याहून जास्त.

थोडा वेळ ते वहीकडे बघत बसले. मग म्हणाले, "ह्या सात आणि तीनाचं मला पुन्हा सांग. तीननं भाग जातो ते कळलं. पण खालच्या ओळीत प्रत्येक वेळी पूर्णच आकडा येईल, हे कशावरून?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबलो. मला ते पाठ होतं. सांगता मात्र येत नव्हतं. वहीचं नवं पान काढलं, आणि आम्ही दोघं बसलो.

तो फॉरवर्ड अण्णांनी पुढे पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी वहीच्या त्या पानाचा फोटो मात्र ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, 'करून बघा.'